‘हॅड’ खोडलं तरी पुन्हा येतं : इंग्रजी लिहिताना क्रियापद नेमकं कुठे बिघडतं

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं तिचा मेल तपासायला पाठवला. ती नर्स आहे आणि तेव्हा आयर्लंडमधल्या नोकरीसाठी तिची धडपड चालू होती. मेलमध्ये एक वाक्य होतं, ‘आय हॅड सबमिटेड माय डॉक्युमेंट्स ऑन मंडे.’ मी ‘हॅड’ खोडलं आणि का खोडलं तेही लिहिलं. लगेच उत्तर आलं, ‘समजलं मॅडम.’ दहा दिवसांनी पुढचा मेल आला. त्यात, ‘आय हॅड गॉन टू द पासपोर्ट ऑफिस लास्ट वीक.’

मी फोन केला. म्हटलं, पास्ट परफेक्ट कधी वापरतात, सांग बरं. तिनं एका दमात सांगितलं : भूतकाळात दोन गोष्टी घडल्या असतील तर जी आधी घडली तिला ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप. वर उदाहरणही दिलं, डॉक्टर येण्याआधी पेशंट दगावला होता, हे गाइडांमधून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं वाक्य. म्हणजे नियम पाठ होता, उदाहरणासकट पाठ होता, आणि तरी हात ‘हॅड’ लिहीत होता.

कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षं इंग्रजी शिकवताना मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता मला त्यात मुलांचा आळस दिसत नाही. ही चूक दिसते इंग्रजीत, पण घडते मराठीत. इंग्रजी शब्द सुचायच्या आधी डोक्यात मराठी वाक्य तयार झालेलं असतं, आणि त्या वाक्याच्या शेवटचं ‘होतो’, ‘आहे’, ‘-लो’, ‘-तंय’ जसंच्या तसं पलीकडे उतरतं. इंग्रजीचा नियम कितीही घोटला तरी तो या शेपटापर्यंत पोचत नाही. म्हणून तीच ती चूक परत येते. खाली मी वारंवार येणाऱ्या तक्रारी घेतल्या आहेत. प्रत्येक ठिकाणी आधी मराठी शेपूट बघायचं आणि मग इंग्रजीकडे वळायचं.

त्यासाठी एक सवय लागते. जे इंग्रजी वाक्य खटकतंय, ते घरी बोलताना कसं म्हणाल तसं मराठीत कागदावर लिहा. पुस्तकी मराठीत नको, बोलण्यातल्या मराठीत. मग शेवटच्या क्रियापदाखाली रेघ मारा.

तक्रार : साध्या घटनेलाही ‘हॅड’ लागतं

वरच्या वाक्याखालचं मराठी वाक्य असं आहे : ‘मी गेल्या आठवड्यात पासपोर्ट ऑफिसला गेले होते.’ उत्तम मराठी आहे. पण इथलं ‘होते’ करतंय काय? शेजारीण विचारते, ‘काल दिसला नाहीत?’ आपण म्हणतो, ‘साताऱ्याला गेलो होतो.’ इथे दुसरी घटना कुठलीच नाही. ‘होतो’ एवढंच सांगतं की गेलो, काम उरकलं, परत आलो, प्रकरण मागे पडलं. नुसतं ‘साताऱ्याला गेलो’ म्हटलं तर ऐकणारा ‘मग?’ म्हणून थांबतो, कारण ती गोष्टीची सुरुवात वाटते. मराठीला हा बारीक फरक दाखवायची सोय आहे. इंग्रजीत तो क्रियापदातून दाखवत नाहीत. तिथे साधं ‘आय वेंट टू सातारा’ म्हणायचं, किंवा आणखी सहज, ‘आय वॉज इन सातारा.’

मग ही गल्लत इतकी पक्की का झाली? माझ्या मते शाळेतल्या नावांनी. मराठी व्याकरणाची मांडणी एकोणिसाव्या शतकात, दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या 1836 सालच्या व्याकरणापासून, बरीचशी इंग्रजी व्याकरणाच्या साच्यात झाली. ‘गेलो होतो’ला आपण पूर्ण भूतकाळ म्हणतो, ‘हॅड गॉन’ला पास्ट परफेक्ट. एका तक्त्यात दोन्ही समोरासमोर बसवले की मुलाला वाटतं, या दोन्ही एकाच नाण्याच्या बाजू. तसं नाही. ‘हॅड गॉन’चं जवळजवळ प्रत्येक वाक्य मराठीत ‘गेलो होतो’ होईल, पण ‘गेलो होतो’ची बहुतेक वाक्यं इंग्रजीत ‘वेंट’च राहतील. रस्ता एकेरी आहे.

तपासणी सोपी आहे. मराठी वाक्यात ‘त्याआधीच’ घालून बघा. ‘मी स्टेशनवर पोचले तेव्हा गाडी त्याआधीच सुटली होती.’ बसलं. कशाआधी, तर मी पोचायच्या आधी. इथे ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’ हवंच, कारण ‘हॅड’ काढलं तर मी पोचल्यावर गाडी सुटली असा अर्थ होईल. आता दुसरं : ‘मी गेल्या आठवड्यात त्याआधीच पासपोर्ट ऑफिसला गेले होते.’ कशाआधी? उत्तर नाही. ‘हॅड’ काढा.

तक्रारअर्जांत हा त्रास फार होतो. ग्राहक तक्रार लिहिताना माणूस शेवटच्या घटनेपासून सुरू करतो आणि मागे मागे जातो : मिक्सर बिघडला, तो मी मेमध्ये घेतला होता, त्याआधी दुकानदारानं सांगितलं होतं, पैसे दिले होते. चार ओळींत सहा ‘हॅड’ आणि वाचणाऱ्याला काय आधी घडलं तेच कळत नाही. अशा वेळी क्रियापदं दुरुस्त करत बसू नका, घटनांचा क्रम बदला. तारखेनुसार आधीची घटना आधी लिहा. ‘आय बॉट द मिक्सर ऑन 3 मे. इट स्टॉप्ड वर्किंग ऑन 20 मे.’ क्रम सरळ झाला की ‘हॅड’ची गरजच बहुतेक वेळा संपते.

तक्रार : ‘हॅव’ आणि तारीख एकाच वाक्यात

बायोडेटांमध्ये सर्वांत जास्त सापडणारी चूक ही. ‘आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री इन 2018.’ खाली मराठी : ‘मी 2018 साली पदवी पूर्ण केली आहे.’ मराठीत हे ‘आहे’ म्हणजे पदवी हातात आहे, कधीही दाखवता येईल. तारीख आणि ‘आहे’ आपल्याकडे सुखानं एकत्र नांदतात. इंग्रजीत नांदत नाहीत. घटना कधी घडली हे एकदा सांगितलं की ती त्या दिवसाची झाली, आणि मग साधा भूतकाळच लागतो : ‘आय कम्प्लीटेड माय डिग्री इन 2018.’

तपासणीसाठी वाक्याला ‘कधी?’ विचारा. वाक्यातच संपलेल्या वेळेचं उत्तर मिळालं, म्हणजे काल, सोमवारी, दोन दिवसांपूर्वी, 2018 साली, तर ‘हॅव’ बाद. उत्तर मिळालं नाही, किंवा मिळालेली वेळ अजून चालू असेल, जसं आज किंवा या आठवड्यात, तर ‘हॅव’ राहू द्या. ‘आय हॅव सेंट द फॉर्म’ बरोबर. ‘आय हॅव सेंट द फॉर्म येस्टरडे’ चूक.

अमेरिकेत राहणाऱ्यांना एक गोष्ट जाणवली असेल. तिथे ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ यांच्यासोबतही लोक साधा भूतकाळ सर्रास वापरतात, ‘डिड यू ईट येट?’ असं विचारतात. ब्रिटिश वळणात तिथे ‘हॅव यू ईटन येट?’ येतं. दोन्ही चालतात. पण तारखेसोबत ‘हॅव’ मात्र दोन्हीकडे चालत नाही.

तक्रार : ‘पासून’ म्हणजे ‘सिन्स’ आणि काळ साधा

‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ यात दोन बिघाड आहेत आणि दोन्ही एकाच शब्दातून आलेत. ‘मी पाच वर्षांपासून इथे काम करतोय.’ मराठीला ‘पासून’ एकदा म्हटलं की पुरतं, काम मागे सुरू झालं हे त्यातूनच कळतं, क्रियापद वर्तमानात राहिलं तरी चालतं. इंग्रजीत क्रियापदालाही मागे जाऊन आजपर्यंत यावं लागतं : ‘हॅव बीन वर्किंग.’ शिवाय ‘पासून’च्या आधी काय आहे ते बघा. तारीख, वार, साल, घटना असेल तर ‘सिन्स’ : ‘सिन्स 2019’. मोजमाप असेल, दोन तास, पाच वर्षं, तर ‘फॉर’.

नोकरीच्या अर्जात हे विशेष जपा. ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे नोकरी सुटली. ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे अजून तिथेच आहे. एका शब्दावर मुलाखतीतला पहिला प्रश्न बदलतो.

तक्रार : ‘तर’ आणि ‘जेव्हा’ आले की सगळं कोलमडतं

हा भाग मला सर्वांत आवडतो, कारण इथे आपल्या भाषेचा एक सुंदर स्वभाव दिसतो.

आई स्वयंपाकघरातून हाक मारते, ‘ताटं वाढली!’ आतून आवाज येतो, ‘आलो, आलो!’ कोणी आलेलं नसतं. अजून खुर्चीवरून उठलेलंही नसतं. ‘चल, मी निघाले’ म्हणणारी बाई दारात आणखी वीस मिनिटं बोलते. ‘मला भूक लागली’ म्हणजे भूक आत्ता आहे. ‘दमलो’ म्हणजे आत्ता दमलेला आहे. ‘पाऊस आला तर’ म्हणजे पाऊस अजून यायचाय. या सगळ्यांत ‘-ल’चं रूप आहे आणि एकातही घडून गेलेला काळ नाही.

आपल्या जुन्या व्याकरणकारांना हे ठाऊक होतं. त्यांनी क्रियापदाच्या रूपांना शेवटच्या अक्षरावरून नावं दिली : लाख्यात, ताख्यात, वाख्यात, ईलाख्यात. ‘आला’ हे लाख्यात. ते भूतकाळ दाखवू शकतं, पण तेवढ्यासाठीच ते जन्मलेलं नाही. काम झाल्यासारखं पक्कं दाखवणं हे त्याचं खरं बळ आहे. शाळेत मात्र ‘-ला’ दिसलं की भूतकाळ, एवढंच शिल्लक राहतं.

आता बिघाड बघा. ‘तो आला तर मी सांगेन.’ काही मुलं लिहितात, ‘इफ ही केम, आय विल टेल.’ ती ‘-ला’चं भाषांतर करतात. मोठी माणसं हुशारी करतात. गोष्ट उद्याची आहे हे त्यांना कळतं, म्हणून ती लिहितात, ‘इफ ही विल कम, आय विल टेल.’ दोन्ही चूक. आणि ‘जेव्हा तो येईल तेव्हा सांगेन’ यात मराठी स्वतःच भविष्यकाळ वापरते, त्यामुळे ‘व्हेन ही विल कम’ तर अगदी बिनधास्त लिहिलं जातं.

इंग्रजीची रीत अशी की ‘इफ’, ‘व्हेन’, ‘अनटिल’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘ॲज सून ॲज’ यांनी सुरू होणाऱ्या अटीच्या किंवा वेळेच्या भागात ‘विल’ येत नाही. भविष्य एकदाच, मुख्य भागात सांगायचं. ‘इफ ही कम्स, आय विल टेल हिम.’ ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम.’ तपासणी डोळ्यांनी होते : ‘इफ’ किंवा ‘व्हेन’वर बोट ठेवा आणि पुढच्या स्वल्पविरामापर्यंत सरका. वाटेत ‘विल’ सापडलं की खोडा. अपवाद दोन लक्षात ठेवा. ‘व्हेन विल ही कम?’ हा सरळ प्रश्न आहे, तिथे ‘विल’ हवं. आणि ‘आय डोंट नो व्हेन ही विल कम’ यात ‘तो कधी येईल’ हे आहे, ‘जेव्हा’ नाही. ‘कधी’ असेल तर ‘विल’ ठेवा, ‘जेव्हा’ असेल तर खोडा. ही कसोटी इंग्रजी पुस्तकात मिळणार नाही, कारण त्या भाषेत दोघांनाही एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन आहेत, त्याचा फायदा घ्या.

याच लाख्यातामुळे आणखी एक वाक्य मेलमध्ये सतत येतं : ‘आय अंडरस्टुड युअर पॉइंट.’ मराठीत ‘समजलं’, ‘पटलं’, ‘आवडलं’ हे आत्ताचं असतं. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र वाटतं, तेव्हा समजलं होतं, आता काय? ‘आय अंडरस्टँड’ लिहा. भेटवस्तू उघडून ‘आवडलं!’ म्हणायचं असेल तर ‘आय लाइक इट’. सिनेमा बघून आल्यावर ‘आय लाइक्ड इट’ ठीक, तो संपलाय.

तक्रार : नम्रपणासाठी ‘वुड’

‘द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन मंडे.’ ‘आय वुड बी ऑन लीव्ह टुमॉरो.’ ऑफिसांमधून असे मेल रोज जातात. ‘वुड यू’ म्हणजे अदब, एवढं डोक्यात बसल्यामुळे ‘विल’ उद्धट आणि ‘वुड’ सभ्य वाटू लागतं. वाचणाऱ्याला ते कसं वाटतं हे मराठीत सांगते. कोणी तुम्हाला निरोप पाठवला, ‘मी उद्या रजेवर असतो’, तर तुम्ही पुढची ओळ शोधाल. असतो, पण काय? तर काय? ‘वुड’नं नेमकं तेच होतं. ते अट मागतं, ‘इफ’ मागतं.

निश्चित ठरलेल्या गोष्टीला ‘विल’च लिहा. त्यात उद्धटपणा अजिबात नाही. ‘वुड’ तीन ठिकाणी ठेवा : विनंतीत, ‘वुड यू प्लीज’ किंवा ‘आय वुड लाइक टू’ अशा वळणात, कल्पनेत, आणि भूतकाळात बसून पुढचं सांगताना, ‘ही सेड ही वुड कम’.

कल्पनेच्या बाबतीत आपण इंग्रजीपेक्षा सुस्थितीत आहोत. शाळेत क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. त्यातला संकेतार्थ, ‘पाऊस पडला असता तर पीक आलं असतं’, जवळजवळ जसाच्या तसा बसतो : ‘इफ इट हॅड रेन्ड, द क्रॉप वुड हॅव सर्व्हाइव्ह्ड.’ ‘असता तर’च्या जागी ‘हॅड’, ‘असतं’च्या जागी ‘वुड हॅव’. गोंधळ होतो तो दोन्हीकडे ‘वुड’ लिहिल्यानं, आणि त्याचं कारण मराठीत दोन्हीकडे ‘अस-’ येतं हेच. म्हणून लक्षात ठेवा, ‘तर’च्या अलीकडे ‘वुड’ नाही. ‘मी तुझ्या जागी असते तर’ हे ‘इफ आय वेअर यू’. बोलण्यात ‘इफ आय वॉज’ ऐकू येतं आणि ते चालतंही, पण अर्जात ‘वेअर’ लिहा.

‘यावं’ आणि ‘येऊ नये’

यात तक्रार कमी आणि आनंद जास्त आहे. इंग्रजीत एक रूप आहे जे बघून मुलं हटकून म्हणतात, मॅडम, छपाईची चूक आहे. ‘द डॉक्टर रेकमेंडेड दॅट शी टेक टू वीक्स ऑफ.’ ‘शी’नंतर ‘टेक्स’ नाही? ‘टुक’ नाही? नाही. सुचवणं, आग्रह धरणं, मागणी करणं, शिफारस करणं या क्रियापदांनंतर ‘दॅट’ आलं की मूळ धातू तसाच ठेवतात, कर्ता कोणीही असो, काळ कुठलाही असो.

इंग्रजीत हे रूप आता उरल्यासुरल्यासारखं आहे. आपल्याकडे ते रोजच्या जेवणातल्या भाकरीइतकं ताजं आहे : ‘तिनं दोन आठवडे रजा घ्यावी असं डॉक्टरांनी सुचवलं.’ ‘घ्यावी’, विध्यर्थ. म्हणजे कसोटी तयारच आहे. मराठीत ‘-वं’, ‘-वा’, ‘-वी’ असं वाख्यात आलं आणि वर ‘असं सुचवलं’, ‘अशी मागणी केली’ असेल, तर इंग्रजीत मूळ धातू. ‘येऊ नये’ असेल तर धातूच्या आधी नुसतं ‘नॉट’, ‘डज’ किंवा ‘डिड’ न लावता : ‘आय रिक्वेस्ट दॅट द अमाउंट नॉट बी डिडक्टेड.’ पगारातून रक्कम कापू नये अशी विनंती करणारं हे वाक्य मी एका शिक्षकाला लिहून दिलं तेव्हा त्यांना ते चुकीचंच वाटत होतं. ‘कापली जाऊ नये’ हे शेजारी लिहिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला आजही आठवतं.

अमेरिकेत हे रूप जास्त वापरलं जातं. ब्रिटिश वळणात बऱ्याचदा ‘शुड’ घालतात, ‘दॅट शी शुड टेक’. मूळ धातू अवघड वाटत असेल तर ‘शुड’ घाला. फक्त ‘आय सजेस्टेड हिम टू कम’ असं मात्र लिहू नका. ‘त्याला यायला सुचवलं’ हे मराठीत खपतं, पण ‘सजेस्ट’ला ‘हिम टू’ जोडता येत नाही.

झटपट उरकण्यासारख्या तीन तक्रारी

‘आय डिड नॉट वेंट.’ मराठीत ‘गेलो नाही’, भूतकाळ ‘गेलो’मध्ये आणि ‘नाही’ नुसतं मागे लावलेलं. इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’ उचलून नेतो, मग मूळ क्रियापदाकडे काही उरत नाही : ‘डिड नॉट गो’. पिशवी एकानंच उचलायची. ‘शुड हॅव’, ‘मस्ट हॅव’ यांचंही तसंच. ‘सांगायला पाहिजे होतं’मधल्या ‘होतं’मुळे ‘शुड हॅड टोल्ड’ लिहू नका. ‘शुड’नंतर कायम ‘हॅव’, ‘ही’ असला तरी.

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय ॲम नॉट रिमेंबरिंग.’ मराठीत ‘आठवत नाहीये’, ‘दिसतंय’, ‘वाटतंय’ अगदी सहज. इंग्रजीत मनात किंवा मालकीत असलेल्या स्थितीला ‘-इंग’ लावत नाहीत : ‘आय डोंट रिमेंबर’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’. ‘हॅविंग लंच’ चालतं, कारण जेवणं ही चालू असलेली कृती आहे.

रूपांच्या स्पेलिंगमध्ये एक फसवं ठिकाण आहे. नेतृत्व केलं याचं ‘लेड’ हे एल-ई-डी असं लिहितात. एल-ई-ए-डी लिहिलं की ते वर्तमानकाळ तरी होतं नाहीतर शिसं. ‘कॉस्ट’, ‘पुट’, ‘कट’ तिन्ही रूपांत तसेच राहतात.

तक्रार : दुसऱ्याचं बोलणं सांगताना

‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर इज द फाइल.’ मराठीत आपण समोरच्याचे शब्द जसेच्या तसे पुढे करतो : ‘साहेबांनी विचारलं की फाइल कुठे आहे.’ काळ बदलायचा नाही, प्रश्नाची चाल बदलायची नाही, मध्ये फक्त ‘की’. इतकी सरळ पद्धत अंगवळणी पडल्यावर इंग्रजीतले तीन बदल एकदम करणं जड जातंच. म्हणून ते एका वेळी एक करा. आधी ‘की’साठी लिहिलेलं ‘दॅट’ काढा, कारण ‘व्हेअर’ आलंय. मग प्रश्नाचा क्रम मोडा, ‘व्हेअर द फाइल इज’. मग काळ मागे सरकवा, ‘व्हेअर द फाइल वॉज’. हो-नाही विचारणारा प्रश्न असेल, म्हणजे मराठीत ‘का’ किंवा ‘की नाही’ असेल, तर ‘इफ’ किंवा ‘वेदर’.

‘मी’कडेही लक्ष ठेवा. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ यातला ‘मी’ म्हणजे तो. ‘ही सेड दॅट आय कम टुमॉरो’ वाचून समोरचा माणूस तुमची वाट बघेल. ‘ही सेड ही वुड कम द नेक्स्ट डे.’

व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर हे पकडत नाही का?

‘डिड नॉट वेंट’ लगेच पकडतं. ‘आय हॅड गॉन टू सातारा लास्ट वीक’ मात्र बऱ्याचदा सोडून देतं, कारण ते वाक्य स्वतःपुरतं अशुद्ध नाही. आधीची-नंतरची घटना शेजारी असती तर ते योग्यही ठरलं असतं. ‘द मीटिंग वुड बी हेल्ड’चंही तसंच. तुमच्या मनात काय होतं ते यंत्राला दिसत नाही. त्यामुळे हिरवी खूण दिसली म्हणून ‘हॅड’ आणि ‘वुड’ बरोबर आले असं समजू नका.

माझ्या त्या विद्यार्थिनीला मी शेवटी एवढंच करायला सांगितलं. मजकूर लिहून झाला की तासभर तरी बाजूला ठेव. मग फक्त क्रियापदं वाच, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करून वर वर जा, म्हणजे गोष्टीच्या ओघात वाहून जाणार नाहीस. जे क्रियापद खटकेल त्याच्या समासात मराठी शेपूट पेन्सिलीनं लिही : होते, आहे, -ले, -वं. एका वहीत तीच शेपटं मांडून ठेव. तिच्या वहीत महिनाभरात एकवीस नोंदी झाल्या. त्यातल्या चौदा ‘होते’च्या होत्या. म्हणजे तिला सगळं व्याकरण पुन्हा शिकायची गरजच नव्हती, एका शब्दावर पहारा ठेवायचा होता. तुमच्या वहीत कदाचित ‘पासून’ जास्त निघेल, कदाचित ‘जेव्हा’.

आणि वेळ अगदीच नसेल, मेल पाच मिनिटांत जायचाच असेल, तर शोधायच्या चौकटीत एच-ए-डी टाइप करा. प्रत्येक ‘हॅड’पाशी थांबून ‘कशाआधी?’ विचारा. मग डब्ल्यू-ओ-यू-एल-डी टाइप करा आणि ‘कुठल्या अटीवर?’ विचारा. उत्तर नसेल तिथे पहिलं खोडून साधा भूतकाळ लिहा, आणि दुसरं विनंतीचं किंवा सांगोवांगीचं नसेल तर त्याचं ‘विल’ करा.